चार पांडव

३१ डिसेंबर २०२४
वरची चौकी (गावाचं नाव लिहायची परवानगी नाही, आणि खरं तर इथं गावही नाही)

ती. अण्णांना रणधीरचा नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात धरावं लागतं, हा त्याचा फायदा. वहिनींच्या हाती आधी पडलं तर त्या वाचूनच तुम्हाला देतील. वहिनी, तुम्हालाही नमस्कार.

काल येळवस झाली, आपली वेळामावस्या. तुम्ही सगळे रानात गेला असाल. इथं सकाळी उठलो तर ढग चौकीच्या खाली होते. खाली पांढरं, वर निळं, आणि मधे आम्ही अठ्ठावीस माणसं. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. झोप आणि जाग यांच्यातला बांध कुणीतरी नांगरून टाकल्यासारखा होतो, कुठलं रान कुणाचं ते कळत नाही. काल भर दुपारी समोरच्या कड्यावरून आई चालत येताना दिसली. डोक्यावर आंबिलीचं मडकं, पदर खोचलेला, नेहमीसारखी घाईत. "चला की रं, ऊन उतारलं," म्हणत होती. मी हात वर केला. पहाऱ्यावरच्या जवानानं विचारलं, "साहेब, कोण आहे?" मी म्हटलं, कुणी नाही.

इथं बसप्पा नावाचा हवालदार आहे. आळंदकडचा. म्हणजे आपल्या अणदूरहून पूर्वेला चालत सुटलं तर दीड-दोन दिवसांत त्याच्या दारात. त्यांच्यातही येळवस असते. सकाळी माझ्यापुढं उभा राहून म्हणाला, "साहेब, आज घरात बसायचं न्हाय. पाप लागतंय." मग आम्ही बंकरमधून बाहेर पडून चाळीस पावलांवर रानात गेलो! कोपीच्या खोपटाला कडबा कुठला मिळायला? शिध्याच्या रिकाम्या खोक्यांची कोप केली, वर माझी शाल टाकली. डब्यातले वाटाणे आणि असतील नसतील त्या डाळी घालून त्यानं भज्जी केली. ती भज्जी तुम्ही खाल्ली असती तर त्याला नोकरीवरून काढा म्हणाला असता. आपण कोपीत पुजायला मांडतो तसे पाच दगड त्यानं खालून आणले. रंगवायला चुना नव्हता, तर तंबाखू खाणाऱ्यांच्या डब्या रिकाम्या केल्या. पांढरे दगड पांढऱ्या बर्फात मांडल्यावर दिसेनात, म्हणून सगळे हसले.

एका गढवाली नायकानं विचारलं, हे कोण? बसप्पा म्हणाला, पांडव. तो म्हणाला, हे तर आमच्या गावावरूनच स्वर्गाला गेले, बर्फातून. मग तो गंभीरपणे पाया पडला.

तुमची येळवस कशी झाली? कोप दरवर्षीच्याच जागी घातली का?

तुमचा,
रणधीर


११ मार्च २०२५

ती. अण्णा,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. बसप्पानं पाच दगड आणले नाहीत. चारच आणले.

आता हे कसं लिहू? तीनदा कागद चुरगाळून बुखारीच्या जाळात टाकला. चौथ्यांदा लिहितो, आणि एका दमात लिहितो. आपल्या रानातला पाचवा पांडव मी उचलला. बांधाशेजारच्या भीमाशंकरनं नाही, मी.

आई गेली ते मला चौथ्या दिवशी कळलं. आठ दिवस ती दवाखान्यात होती आणि तुम्ही फोनवर म्हणत होता, "समदं बरं हाय, आई रानात गेलीय." मी आलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर, मी तुम्हाला म्हणालो, माझी वाटणी टाका. ज्या माणसानं बाप गेल्यावर मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं, त्याला मी वाटणी मागितली.  मोजणी करून खुणा रोवल्या, त्या कोपीच्या जागेला घासून गेल्या. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मग पांडव बी वाटून घे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. निघायच्या दिवशी पहाटे रानात गेलो आणि कडेचा, सगळ्यात धाकटा, नारळाएवढा दगड उचलून ट्रंकेत टाकला. आई त्याला सहदेव म्हणायची. मला आंघोळ घालताना चिडवायची, तू आणि तो सारखेच, दोघांच्या अंगाला माती सुटत नाही.

पुढच्या येळवशीला तुम्हाला चारच सापडले. भीमाशंकरनं मागं कधी पाइपलाइनसाठी कोपीची जागा सरकवा म्हटलं होतं, तेवढ्यावरून तुम्ही त्याच्यावर आळ घेतलात. हे मला वहिनींनी फोनवर सांगितलं. ज्यानं आईला स्वतःच्या जीपमधून सोलापूरला नेलं, तो भीमाशंकर. मी फोनवर "हं" म्हणालो. वर्षभर मी "हं"च म्हणतोय.

बसप्पाला ट्रंकेत तो दगड पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्यानं ओळखला. जुन्या चुन्याचे थर अंगावर होते ना. मला वाटलं विचारेल, साहेब, दगड कशाला बाळगता? त्यानं विचारलं, "साहेब, ह्यो एकटाच कसा ओ? बाकीचे चार कुठायत?" मी ट्रंक बंद केली. म्हणून येळवशीला त्यानं चार शोधून आणले. त्याला एकटं बसवायचं नाही म्हणाला.

अण्णा, मला शिव्या द्या. पण त्याआधी भीमाशंकरच्या घरी जा. ती एक गोष्ट करा.

रणधीर


१४ मे २०२५

ती. अण्णा,

टीव्हीवर जे दाखवतात ते पाहून घोर लावून घेऊ नका. चार दिवस जरा आवाज झाला, आता शांत आहे. मी धडधाकट आहे. बर्फ बराचसा वितळला. उतारावर बारीक जांभळी फुलं आली आहेत, आपल्या हरभऱ्याच्या फुलांएवढी.

बसप्पा कामानिमित्त खाली गेलाय.

सहदेव ठीक आहे.

रणधीर


२२ जून २०२५

ती. अण्णा,

वहिनींचा निरोप मिळाला. माझं मार्चचं पत्र तुम्ही वाचलंत, घडी घालून आईच्या फोटोमागं ठेवलंत आणि कुणाशी काही बोलला नाहीत. बरं. तुमचं न बोलणं मला ओळखीचं आहे, त्यावर मी लहानाचा मोठा झालो.

मेच्या पत्रातही मी सगळं लिहिलं नव्हतं. माझं हे असंच. आधी अर्धं लिहितो, मग महिनाभर झोप लागत नाही.

डिसेंबरात पांढऱ्यावर पांढरे दगड होते, म्हणून हसलो. पाडव्याला जवानांनी हौसेनं पुन्हा चुना लावला. त्यांना आता त्या पाचांची सवय झाली होती. पहाऱ्याला जाताना कुणी नमस्कार करायचं, कुणी नुसती नजर टाकायचं. मग बर्फ गेलं. तपकिरी उतारावर पाच पांढरे दगड एका ओळीत, समोरच्या डोंगरावरून पोरालाही दिसतील असे. फौजेत पहिल्या महिन्यात शिकवतात, उघड्यावर काही चमकू द्यायचं नाही. मी मेजर आहे. ते मला दिसत होतं. उद्या पुसायला सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. खरं कारण सांगू? सकाळी चहा घेऊन बाहेर आलो की क्षणभर मला ते आपलं रान वाटायचं. तो एक क्षण मला सोडवेना.

तोफा सुरू झाल्या त्या दिवशी दुपारी पहिला गोळा बंकरवर नाही, त्या दगडांच्या अलीकडं पडला. समोरच्यांना ते नवे मोर्चे वाटले असावेत. दुसरा पलीकडं. आम्ही चाळीस पावलांवर जमिनीखाली होतो. माझ्या कानात आवाज येईना, आणि त्या बहिरेपणात मला ज्वारीची पानं वाजताना ऐकू आली. वाऱ्यानं सळसळतात तशी. लई छान वाटत होतं अण्णा, ते खोटं बोलणार नाही. त्या सळसळीतून मी बसप्पाला उठून बाहेर जाताना बघितलं आणि मला वाटलं, आंबील शिंपायला चाललाय.

भानावर येऊन ओरडलो तोवर तो दगडांपाशी पोचला होता. चार तिथंच सोडून त्यानं आपला एक उचलला, पोटाशी धरला आणि वळला. तिसरा गोळा पडला.

मी आणि गढवाली नायकानं त्याला ओढत आत आणलं. डाव्या पोटरीत लोखंडाचा तुकडा घुसला होता. मी त्याच्यावर ओरडलो, दगडासाठी मरतो का रे? तर म्हणाला, "बाकीचे इथलेच हायत साहेब. त्यांचं घर इथंच. ह्यो घरचा हाय, ह्येला परत जायाचंय." आणि बेशुद्ध पडला. खाली कामानिमित्त नाही, तो स्ट्रेचरवरून गेला.

पाय वाचला. लंगडणं राहील म्हणतात.

रिपोर्टात मी लिहिलं की दगडांना चुना होता, आणि तो पुसून न घेणं ही माझी चूक. कर्नलसाहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, पांडव म्हणजे काय? मी सांगितलं. त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, रणधीर, हे कागदावर कसं लिहायचं? तरी लिहिलंच. बढतीचं जे व्हायचं ते होईल.

पण माझ्या मनातून ते जात नाही. रागाच्या भरात मी एक दगड चोरला, आणि तो परत जावा म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी धाकट्या भावानं रक्त सांडलं. त्यालाही दोन मोठे भाऊ आहेत. मी त्यांना पत्र लिहिलं. तुम्हाला लिहिण्यापेक्षा ते सोपं गेलं.

रणधीर


२ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

बसप्पा दवाखान्यातून सुटून रजेवर घरी निघालाय. मला सुट्टी मिळायला जानेवारी उजाडेल. म्हणून सहदेव त्याच्याबरोबर पाठवतोय. पुढच्या आठवड्यात तो नळदुर्गला एस.टी.नं उतरेल. काठी घेऊन चालतो, गोरटेला, उजव्या कानात बाळी. त्याला रानापर्यंत चालत नेऊ नका.

तुम्हाला दगड ठेवून घ्यायचा नसला तर बसप्पाला तसं तोंडावर सांगू नका. तो मोडून पडेल. विहिरीपाशी ठेवा म्हणा, आणि तो गेल्यावर काय करायचं ते करा.

वाटणीचं बोलतो. मला जमीन नको होती अण्णा, मला भांडण हवं होतं. आईला शेवटचं बघू दिलं नाही, म्हणून कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ओरडायला तुमच्याशिवाय मला आहेच कोण? इथं बसून समजतं. दोन डोंगरांच्या मधे एक रेघ आहे. ती मी राखतो, ते माझं काम आहे आणि मी ते नीट करीन. पण आपल्या घरात मी रेघ ओढायला नको होती. त्या खुणा उपटून टाका.

इथं आता चार दगड आहेत. गोळ्यांनी इकडंतिकडं झाले होते, जवानांनी पुन्हा गोळा करून बंकरच्या आतल्या बाजूला, आडोशाला मांडलेत. चुन्याशिवाय. कडेची पाचवी जागा मोकळी आहे. काल नवीन आलेल्या जवानानं तिथं हेल्मेट ठेवलं, तर गढवाली नायकानं ते गुपचूप उचललं.

थंडी सुरू झाली. पुन्हा तीच स्वप्नं. काल मी आणि तुम्ही हेंडग्याची मशाल पेटवून गव्हाभोवती पळत होतो, तुम्ही पुढं, मी मागं, आणि गहू संपतच नव्हता.

उत्तर द्या असं म्हणत नाही. दगड पोचला एवढं बसप्पाच कळवील.

तुमचा,
रणधीर


१९ डिसेंबर २०२५, येळवस

अण्णा,

काल खेचरावरून डाक आली. माझ्या नावानं एक पार्सल, पोत्याच्या तुकड्यात शिवलेलं, आणि शिवण दाभणाची. ती शिवण पाहिल्याबरोबर मला कळलं. माझं शाळेचं दप्तर तुम्ही असंच शिवत होता.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. अर्ध्यावर कागद खाली ठेवला. पुढचं नायकानं मागितलं, पण त्याला मराठी वाचता येईना, म्हणून पुन्हा मीच वाचलं. तुम्ही लिहिलेलं इथं उतरवून ठेवतो. तुमच्या कागदाला इथली ओल लागली तर शब्द तरी राहतील, भले ते तुमच्याकडंच परत येतील. पण उतरवल्याशिवाय मला राहवत नाही.

"रणधीर, तुजा हवालदार आला. त्याला नळदुर्गास्नं आनाया भीमाशंकर गेल्ता. त्याच्या घरी म्या मार्चमधीच जायाला पायजे व्हतं, पर पाय उचलंना. दिवाळी झाल्यावर गेलो. म्हनलं, भीमा, माजं चुकलं. त्यानं च्या टाकला. म्हनला, साखर कमी चालती का आता? यवडंच बोल्ला.

दगड बसला. खड्डा म्या बुजीवला नव्हता. दर पावसाळ्यात मातीनं भरायचा, म्या उकरून ठिवायचो. भीमावर आळ घेतला, पर खरं कुनी न्हेला ते म्हाईत नव्हतं, पर न्हेनारा कवातरी आनील आसं वाटायचं.

आईचं तुला कळवलं न्हाय, ती माजी चूक. ती म्हनली व्हती, पोरगं बर्फात हाय, जिवाला घोर लावून घेईल, सांगू नगं. म्या ऐकलं. तिचं समदंच ऐकायचो म्हून ह्ये बी ऐकलं. ह्ये ऐकाय नगं व्हतं.

खुना उपटल्या. बांध घातलाच नव्हता.

हवालदार जेवाय बसला तवा म्हनला, तिकडं आता चारच राहिले. म्या ताटावरनं उठलो. चार कसे दिसत्यात ते म्या दोन येळवशी बगितलंय. बगवत न्हाय. म्हून एक धाडलाय. आपल्या विहिरीवरचा हाय, तू लहानपनी ज्याच्यावर बसून पोहायला भ्यायचास त्याच्या बाजूचा. चुना लावला न्हाय. तू बी लावू नगंस, हवालदारानं समदं सांगितलंय. पोस्टात बाईनं इचारलं, आत काय हाय? म्हनलं दगड. ती म्हनली, काका, खरं सांगा. खरंच सांगितलं तरी कुनी इस्वास ठेवंना. जानेवारीत ये. उत्तरेश्वर."

पोत्यातून दगड काढला तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला काळी माती होती, वाळून चिकटलेली. मी झाडली नाही. जवान एकेक करून हातात घेऊन वजन बघत होते, जसं बाळ बघायला येतात. नायकानं त्याला चार दगडांच्या कडेला, मोकळ्या जागेत ठेवला. जरा हलला, मग बसला.

आज भज्जी मीच केली. बसप्पा नसल्यामुळं अजूनच वाईट झाली. दुपारी बाराच्या सुमाराला, तुम्ही कोपीभोवती फिरता त्या वेळेला, दुधाच्या पावडरीची आंबील घेऊन मी पाचांभोवती फिरलो. आंबील शिंपताना आई म्हणायची ते "ओलगे ओलगे" हळू आवाजात म्हणालो. मागून सत्तावीस जणांनी त्यांना जसं जमलं तसं म्हटलं. कड्यावर आज कुणी दिसलं नाही. मी बराच वेळ बघत होतो. मग लक्षात आलं, आज ती तिकडं असणार, तुमच्याकडं, पाच बघायला.

सात जानेवारीला नळदुर्गला उतरतो. भीमाशंकरला न्यायला पाठवू नका, तुम्ही स्वतः या.

तुमचा धाकटा,
रणधीर